महागडी फुटबॉल अकादमी: पैसे वसूल होतात का? पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोच नाही, मैदानाच्या कडेला उभा राहणारा बाप आहे. मुलगा चार वर्षं फुटबॉल शिकतोय. पहिली दोन वर्षं भरपूर फी घेणाऱ्या अकादमीत गेली, पुढची दोन तिच्या निम्म्याहून कमी फीच्या ठिकाणी. या काळात इतर पालकांशी बोलताना तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा निघायचे, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं बरंच आहे. काही एका ओळीत संपतात.

अकादमीची फी नेमकी कशाची असते?

मैदानाचं भाडं, दिव्यांची वीज, कोचचा पगार, विमा, चेंडू, कोन (सरावाला मांडायचे प्लास्टिकचे शंकू), जाळ्या, किट, स्पर्धांची प्रवेश फी, जाहिरात आणि अकादमीच्या नावाची किंमत. यातलं मुलापर्यंत थेट पोचतं ते दोनच गोष्टींच्या रूपात. एक, तासाभरात त्याच्या पायाला चेंडू किती वेळा लागला. दोन, जाणत्या माणसाने त्याच्या खेळाकडे किती वेळ नीट पाहिलं. हिरवंगार कृत्रिम गवत, छापील ट्रॅकसूट, ड्रोनने काढलेला व्हिडिओ हे सगळं छान दिसतं, पण या दोन गोष्टी वाढत नसतील तर ते पैसे सजावटीवर गेले असं मी धरतो.

प्रशिक्षण चांगलं आहे की नाही हे फुटबॉल न कळणाऱ्या पालकाने कसं ओळखायचं?

मोबाइलमधलं स्टॉपवॉच घ्या आणि पूर्ण सेशनभर फक्त आपल्या मुलाकडे बघा. बाकीच्यांकडे नाही, स्कोअरकडे तर मुळीच नाही.

पहिल्या अकादमीत दीड वर्षानंतर मी हे केलं. खरं तर पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. तासाभराचं सेशन, बावीस मुलं, एक कोच. सुरुवातीची नऊ मिनिटं मैदानाला फेऱ्या, चेंडू पिशवीतच. मग अकरा-अकरा मुलांच्या दोन रांगा. पहिल्याने कोनांमधून चेंडू नेत गोलवर मारायचा, चेंडू आणून द्यायचा आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं. एकाची पाळी साधारण बारा सेकंदांची. म्हणजे पुन्हा नंबर लागेपर्यंत दोन मिनिटं उभं राहणं. त्या दोन मिनिटांत माझा मुलगा पुढच्याच्या जर्सीवरचा नंबर बोटाने गिरवत होता. वीस मिनिटांत त्याच्या नऊ पाळ्या झाल्या, दर पाळीला सहा-सात स्पर्श. मग पाणी, मग सूचना, आणि शेवटी पंधरा मिनिटं मोठ्या मैदानावर अकरा विरुद्ध अकरा. त्यात त्याला चेंडू सात वेळा मिळाला. सगळं मिळून सत्तरच्या आतबाहेर, म्हणजे मिनिटाला जेमतेम एक स्पर्श.

नंतरच्या, स्वस्त ठिकाणी पहिल्याच दिवशी तसंच मोजायला बसलो. चौदा मुलं, दोन कोच, प्रत्येकाकडे स्वतःचा चेंडू. वॉर्म-अपही चेंडू घेऊनच. मग छोट्या चौकटींत तीन विरुद्ध तीन, चार विरुद्ध तीन. अर्ध्या तासात आकडा तीनशेच्या पुढे गेला आणि मी मोजणं सोडून दिलं. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हती, एका बापाचा दोन संध्याकाळचा हिशोब होता. पण आधीच्या दोन वर्षांच्या पावत्यांकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

म्हणजे जास्त स्पर्श हीच चांगली शिकवणी?

नाही. तसं असतं तर भिंत हा सगळ्यात चांगला कोच ठरला असता, आणि भिंत फी घेत नाही. कोचने भिंतीपेक्षा जास्त काहीतरी द्यायला हवं. ते म्हणजे निर्णय घ्यायची सवय: समोर विरोधक आहे, डावीकडे जागा आहे, मागून कोणी धावत येतोय, आता काय करू? कोनांच्या रांगेत हा प्रश्नच पडत नाही, कारण कोन अंगावर येत नाही. नेदरलँड्समधल्या अयाक्स क्लबची मुलं निवडण्याची जुनी पद्धत चार गोष्टी बघते: तंत्र, खेळाची समज, व्यक्तिमत्त्व आणि वेग. खेळाची समज कोनांच्या रांगेत दिसतही नाही आणि वाढतही नाही. त्यासाठी छोटे सामनेच लागतात.

तेव्हा मोजून झाल्यावर कान उघडे ठेवा. कोच काय बोलतो? ‘पास दे! मार! मागे ये!’ असा सतत ओरडा चालू असेल तर मुलं रिमोटवर चालणारी खेळणी होतात. निर्णय कोच घेतो, मुलं फक्त पाय हलवतात. चांगला कोच खेळ क्षणभर थांबवून विचारतो, ‘आत्ता तुला कोण मोकळा दिसला?’ आणि उत्तराची वाट बघतो. आणखी एक सोपी परीक्षा आहे. महिनाभराने कोचला तुमच्या मुलाबद्दल विचारा, ‘सध्या हा कशावर काम करतोय?’ ‘छान चाललंय, मेहनत घेतोय’ असं उत्तर आलं तर ते कुठल्याही मुलाला लागू पडतं. ‘डाव्या पायाने चेंडू थांबवताना तो अंगापासून फार लांब जातो’ असं आलं, तर फीमधला बराच भाग योग्य ठिकाणी चालला आहे.

कोचकडे लायसन्स असावं का?

असावं. युरोपात सी, बी, ए, प्रो अशा पायऱ्या आहेत, आशियाई महासंघाच्याही जवळपास तशाच. कुठली पायरी आणि ती लहान मुलांसाठी आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आइसलँडचं उदाहरण सगळे देतात, तसं मीही देतो. तेव्हा साडेतीन लाखांच्या आत लोकसंख्या असलेला हा देश 2016 च्या युरो स्पर्धेत इंग्लंडला 2-1 हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि 2018 च्या वर्ल्ड कपला पात्र ठरला. तोपर्यंत वर्ल्ड कपला पोचलेला तो लोकसंख्येने सगळ्यात लहान देश होता. तिथे अगदी लहान मुलांनाही प्रशिक्षित कोच शिकवतात. हिवाळ्यात खेळता यावं म्हणून मोठे बंदिस्त हॉल बांधले गेले, हेही तितकंच खरं.

पण कागद ही किमान अट समजा. अकादमीच्या वेबसाइटवर ज्याचा फोटो आहे तोच तुमच्या मुलाच्या बॅचला शिकवतो का, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. बऱ्याच ठिकाणी फोटो एकाचा आणि शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात असते.

फी योग्य आहे का हे ठरवायला काही हिशोब आहे का?

आहे, आणि तो प्रवेश घेण्याआधी कागदावर करा. महिन्याची फी बघून काही कळत नाही. वर्षाची फी 100 धरा. तिच्यात किट, सक्तीचं दुसरं किट, नोंदणी, स्पर्धांची प्रवेश फी, बाहेरगावच्या स्पर्धेचा प्रवास आणि मुक्काम, ‘ऐच्छिक’ पण सगळेच घेतात म्हणून घ्यावा लागणारा सुट्टीतला कॅम्प हे सगळं मिळवा. आमच्याकडे 100 चे 165 झाले होते. मग वर्षात ठरलेली सेशन्स मोजा आणि त्यातून पाऊस, परीक्षा, आजारपण, कोचची रजा, मैदान दुसऱ्याला दिलं म्हणून रद्द झालेली वजा करा. ठरलेल्या 96 पैकी आमची 68 झाली. 100 भागिले 96 आणि 165 भागिले 68 यातला फरक काढून बघा. तासाचा दर दुपटीच्याही वर गेला होता.

मग तो दर एका कोचमागच्या मुलांच्या संख्येशी ताडून बघा. महाग पण आठ मुलांमागे एक कोच, हे कधी कधी स्वस्त पण पंचवीस मुलांमागे एक कोच यापेक्षा परवडतं. महागडं म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. महाग कशामुळे आहे, ते बघा.

आणि हो, रद्द झालेल्या सेशनची भरपाई मिळते का ते लेखी घ्या. तोंडी ‘अॅडजस्ट करू’ला अर्थ नसतो.

ट्रायलमध्ये मुलाची निवड झाली नाही. म्हणजे त्याच्यात गुण नाहीत?

आधी त्याची जन्मतारीख बघा. गंमत करत नाही.

वयोगट बहुतेक ठिकाणी कॅलेंडर वर्षाप्रमाणे ठरतात. एकाच गटातला जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमध्ये जन्मलेल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा असतो. आठव्या वर्षी हा फरक आयुष्याच्या एक अष्टमांश एवढा होतो. तेवढ्यात उंची, ताकद, धावण्याचा वेग, सूचना समजून घेण्याची कुवत सगळ्यातच फरक पडतो. निवडणाऱ्याला मोठा मुलगा ‘हुशार’ वाटतो, तो चांगल्या बॅचमध्ये जातो, तिथे त्याला जास्त सराव आणि चांगले जोडीदार मिळतात, आणि मग तो खरोखरच पुढे जातो. याला सापेक्ष वयाचा परिणाम म्हणतात. कितीतरी देशांच्या युवा संघांमध्ये वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची गर्दी आढळली आहे. जिथे वयोगटाचं वर्ष सप्टेंबरपासून धरतात, तिथे ही गर्दी सप्टेंबरनंतरच्या महिन्यांत दिसते. म्हणजे गुण जानेवारीचा नाही, मोजपट्टीचा आहे.

त्यात वयात येण्याची वेळ मिसळली की गोंधळ आणखी वाढतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात वेगाने वाढते, मुलांची चौदाव्याच्या आसपास. पण दोन-दोन वर्षं इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं. तेरा वर्षांखालच्या सामन्यात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसरा दहाचा वाटतो. तिथे जिंकणारा प्रत्येक जण पुढे मोठा खेळाडू होत नाही, आणि धक्का लागून पडणारा प्रत्येक जण कच्चा नसतो.

2018 चा वर्ल्ड कप आठवा. सर्वाधिक गोल इंग्लंडच्या हॅरी केनचे. त्याला लहानपणी, साधारण नवव्या वर्षाच्या आतबाहेर, आर्सेनल क्लबने सोडून दिलं होतं. स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू क्रोएशियाचा लुका मॉड्रिच. त्याला तिथल्याच हायडुक स्प्लिट क्लबने किरकोळ अंगाचा म्हणून नाकारलं होतं. विजेत्या फ्रान्सचा आन्त्वान ग्रीझमन. बुटका म्हणून फ्रान्समधल्या एकामागून एक क्लबांनी परत पाठवलेला, शेवटी स्पेनच्या रेआल सोसिएदादने घेतलेला. तिघांनाही जाणत्या माणसांनी पाहूनच ‘नाही’ म्हटलं होतं.

याचा अर्थ नाकारलेलं प्रत्येक मूल केन होतं असा मात्र नाही. एवढंच की दहाव्या वर्षीच्या निकालावर घरात शोकसभा भरवू नये, आणि त्या निकालाच्या भीतीने दुप्पट फीचा कोर्सही घेऊ नये.

आणि निवड झाली असेल तर? ‘एलिट’ बॅचमध्ये घेतलंय, पण फी जास्त आहे.

अभिनंदन. आता विचारा, या बॅचमध्ये किती जणांना घेतलं आणि किती जणांना नाही म्हटलं. पैसे भरायला तयार असलेला कोणीच नाकारला गेला नसेल तर ती निवड नव्हे, वरच्या दराची पावती आहे.

यात एक मूळ फरक लक्षात घ्या. व्यावसायिक क्लब आपल्या अकादमीतल्या मुलावर स्वतः खर्च करतो, कारण त्याला परतावा मुलगा मोठा झाल्यावर मिळतो. फिफाच्या नियमांप्रमाणे एखादा व्यावसायिक खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या देशातल्या क्लबकडे गेला, तर त्याच्यासाठी नवा क्लब जुन्या क्लबला देतो त्या रकमेतले 5 टक्के, तो 12 ते 23 वर्षांचा असताना ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटले जातात. फी घेणाऱ्या अकादमीचं उत्पन्न मात्र तुमच्याकडून येतं, आणि मुलगा येत राहिला तरच येतं. त्यामुळे ‘तुमच्या मुलात काहीतरी खास आहे’ हे वाक्य दोन्हीकडे ऐकू आलं तरी त्यामागचा हिशोब वेगळा असतो. फी घेणं हे पाप नाही. चांगला कोच हवेवर जगत नाही. फक्त ते वाक्य कोण म्हणतंय हे लक्षात ठेवा.

अकादमीला युरोपातल्या बड्या क्लबचं नाव आहे. त्याने काही फरक पडतो?

कधी पडतो, बऱ्याचदा नाही. नाव आणि जर्सीचा परवाना घेऊन स्थानिक संस्था अकादमी चालवते, असं सर्रास असतं. मूळ क्लबचा कोच वर्षातून किती दिवस येतो, स्थानिक कोचना कोण आणि किती काळ शिकवतं, सेशनचा आराखडा कोणाचा, हे विचारा. आठवडाभराची एक भेट आणि फोटो एवढंच उत्तर आलं, तर तुम्ही जर्सी विकत घेताय.

‘आम्ही परदेशी क्लबमध्ये ट्रायल मिळवून देऊ’ असं सांगतात. खरं असतं का?

ट्रायल म्हणजे प्रवेश नव्हे, हे पहिलं. दुसरं, फिफाच्या नियमांतलं 19 वं कलम अठरा वर्षांखालच्या खेळाडूंना दुसऱ्या देशात नोंदवायला मुळातच बंदी घालतं. अपवाद मोजके आहेत: आई-वडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने तिथे राहायला गेले, मूल सीमेजवळ राहतं आणि क्लबही सीमेजवळच आहे, युरोपीय संघाच्या आत सोळा ते अठरा वयातलं स्थलांतर, असे. हे नियम केवळ कागदावर नाहीत. बार्सिलोनासारख्या क्लबलाही ते मोडल्याबद्दल 2014 मध्ये शिक्षा झाली आणि 2015 मध्ये नव्या खेळाडूंची नोंदणी बंद राहिली. तेव्हा चौदा वर्षांच्या मुलाला ‘साइन’ करवून देतो म्हणून कोणी आगाऊ रक्कम मागत असेल, तर कुठल्या अपवादाखाली, हे लेखी विचारा. बहुतेकदा संभाषण तिथेच संपतं.

लवकर सुरू केलं नाही तर मूल मागे पडेल का?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला अकादमीपेक्षा चेंडू, मोकळी जागा आणि दोन सवंगडी जास्त लागतात. त्या वयात आठवड्याला एक गमतीदार सेशन पुष्कळ झालं. सात ते बारा हा चेंडूशी ओळख घट्ट होण्याचा काळ, इथे चांगल्या कोचचा खरा उपयोग होतो.

‘दहा हजार तास’ हा आकडा बऱ्याच पालकांच्या डोक्यात बसलेला असतो. तो मुळात 1993 च्या व्हायोलिनवादकांवरच्या अभ्यासातून पुढे पसरला, फुटबॉलपटूंच्या नाही. जर्मन फुटबॉलपटूंवर 2016 साली छापून आलेला एक अभ्यास वेगळंच सांगतो. त्यात बुंडेसलीगाचे (जर्मनीतल्या सर्वोच्च लीगचे) 52 खेळाडू होते, त्यातले 18 राष्ट्रीय संघातले. राष्ट्रीय संघात पहिला सामना खेळेपर्यंत त्यांचं संघटित प्रशिक्षण सरासरी साधारण साडेचार हजार तासांचं भरलं. खालच्या दर्जाच्या हौशी खेळाडूंपेक्षा राष्ट्रीय संघातल्यांचं वेगळेपण कशात होतं? लहानपणी कोचशिवाय, आपसात खेळलेलं फुटबॉल जास्त, आणि किशोरवयात दुसरे खेळही जास्त. लहान वयातली जादा शिकवणी हे त्यांचं वेगळेपण नव्हतं.

म्हणून अकादमीचं वेळापत्रक इतकं भरगच्च असेल की मुलाला संध्याकाळी उगाच खेळायला वेळच उरत नाही, तर तुम्ही पैसे देऊन फुकटची गोष्ट घालवताय.

पर्सनल कोच लावावा का?

ठरावीक कामासाठी, ठरावीक काळ. दुखापतीनंतर परत येताना, गोलकीपरला (गटात त्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं, बिचारा एका टोकाला उभा असतो), किंवा एखादी अडलेली गोष्ट सोडवायला सहा-आठ सेशन्स. वर्षभर एकट्याने कोचबरोबर केलेल्या ड्रिल्समध्ये विरोधक नसतो, आणि फुटबॉलमधली अर्धी अडचण विरोधकाचीच आहे.

मुलाची टीम सगळ्या स्पर्धा जिंकते. हे चांगलंच ना?

दहा-अकराव्या वर्षी जिंकायचा सोपा मार्ग म्हणजे लवकर वाढलेली दांडगी मुलं गोळा करणं आणि लांब चेंडू मारून त्यांना पळवणं. चषकांचं कपाट भरतं. तुमचं मूल किती मिनिटं खेळलं ते मोजा. पूर्ण फी आणि स्पर्धेचा प्रवासखर्च भरून मूल चार सामन्यांत मिळून अकरा मिनिटं खेळलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. मूल माझं नव्हतं, पण घरी येताना त्याची आई गाडीत कोणाशी एक शब्द बोलली नाही.

मोफत किंवा अगदी थोड्या खर्चात काय करता येतं?

बरंच काही. भिंत आणि चेंडू: दोन्ही पायांनी पन्नास-पन्नास पास, मग एक स्पर्श थांबवून दुसऱ्या स्पर्शात परत. रोज पंधरा मिनिटं पुरतात. छोट्या जागेत चार-पाच मुलं मिळाली की फुटसालसारखा खेळ होतो. फुटसालचा जन्मच जागेच्या अडचणीतून झाला: 1930 मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी या शिक्षकाने मुलांना बंदिस्त हॉलमध्ये खेळता यावं म्हणून तो बसवला. छोटी जागा, कमी उसळणारा चेंडू, विचार करायला वेळ कमी. मॉड्रिच लहानपणी, युद्धाच्या काळात, निर्वासितांसाठी राखलेल्या हॉटेलच्या पार्किंगमध्ये चेंडू खेळायचा.

पूर्ण सामनाही बघा, हायलाइट्स नव्हे. मुलाला सांगा, दहा मिनिटं फक्त त्याच्या जागेवरच्या खेळाडूकडे बघ, चेंडूकडे नको. चेंडू लांब असताना तो खेळाडू कुठे बघतो, किती वेळा मान वळवतो, हे मुलालाच दिसतं.

आठवड्यातून किती दिवस पुरेत? पाच दिवसांचं पॅकेज स्वस्त पडतंय.

पॅकेज स्वस्त पडेल, गुडघा पडणार नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला असा: आठवड्यात एक-दोन दिवस त्या खेळाला पूर्ण सुट्टी, वर्षभरात एकूण तीन महिने विश्रांती (महिन्या-महिन्याच्या तुकड्यांत चालेल), आणि एकाच खेळाला वाहून घेणं पंधरा-सोळा वर्षांपर्यंत लांबवावं. सोपा अंदाज म्हणून, आठवड्याचे संघटित खेळाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त होऊ देऊ नयेत, असंही डॉक्टर सांगतात. यात शाळेची टीम, अकादमी, पर्सनल कोच सगळं एकत्र धरायचं. तिन्ही कोच आपापलंच मोजतात. बेरीज करणारे तुम्ही एकटेच.

वाढीच्या वयात टाच दुखणं किंवा गुडघ्याखालचं हाड ठणकणं हे नेहमीचं आहे. हाडांच्या वाढत्या टोकांवर ताण आल्याने होतं. ‘नाटकं करतोय’ म्हणून पुढे ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. अकादमीत वॉर्म-अप कसा घेतात तेही बघा. फिफाचा ‘11+’ हा साधारण वीस मिनिटांचा क्रम कुठल्याही अकादमीला फुकट वापरता येतो, लहान मुलांसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. नॉर्वेतल्या 13 ते 17 वयाच्या मुलींवर झालेल्या 2008 च्या अभ्यासात तो नियमित करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होत्या. एवढी फी घेऊन हेही करत नसतील तर कारण विचारा.

लहान मुलांना हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) शिकवतात, ते चालतं का?

अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंग बंद केलं. इंग्लंडमध्ये 2020 पासून अकरा वर्षांखालच्यांच्या सरावात ते घेऊ नये अशी सूचना आहे. आठ वर्षांच्या मुलांना रांगेत उभं करून डोक्यावर चेंडू मारणारी अकादमी मी तरी टाळेन.

मुलींसाठी काही वेगळं बघायचं का?

वरचं सगळं, आणि एक जास्तीचं: किशोरवयात मुलींना गुडघ्याच्या लिगामेंटच्या गंभीर दुखापतीचा धोका मुलांपेक्षा जास्त असतो, तेव्हा उडी मारून नीट उतरणं आणि दिशा बदलणं शिकवणारा वॉर्म-अप तिथे सक्तीचाच हवा. शिवाय कपडे बदलायची सुरक्षित जागा आणि मुलींच्या सामन्यांचं खरंखुरं वेळापत्रक आहे का ते बघा. फी तेवढीच आणि सामने वर्षातून दोन, असं बऱ्याचदा असतं.

व्यावसायिक खेळाडू होण्याची शक्यता किती?

फिफाने 2006 मध्ये केलेल्या जगभरच्या मोजणीत फुटबॉल खेळणारे 26.5 कोटी निघाले. नोंदणीकृत खेळाडू 3.8 कोटी आणि व्यावसायिक सुमारे 1,13,000. म्हणजे नोंदणी झालेल्या साधारण 336 जणांमागे एक, आणि त्या एकातही खालच्या लीगमध्ये जेमतेम पोट भरणारे आलेच. फीकडे गुंतवणूक म्हणून बघत असाल तर याहून बऱ्या जागा सापडतील. पोहायला किंवा गाणं शिकायला पाठवताना आपण परतावा विचारत नाही. फुटबॉललाच का विचारतो, देव जाणे.

कॉलेजची शिष्यवृत्ती तरी?

अमेरिकेतलं उदाहरण घ्या, कारण हे स्वप्न तिथलं दाखवून विकलं जातं. तिथल्या कॉलेज क्रीडेच्या तिसऱ्या विभागातली कॉलेजं खेळासाठी शिष्यवृत्ती देतच नाहीत. पहिल्या विभागात पुरुषांच्या फुटबॉल संघाला कित्येक वर्षं 9.9 पूर्ण शिष्यवृत्त्यांचीच मर्यादा होती, आणि त्या पंचवीस-तीस खेळाडूंत तुकडे करून वाटल्या जायच्या. आता नियम बदललेत, पण खेळाडू जास्त आणि पैसा थोडा, ही स्थिती तीच.

मूल जायला कंटाळतंय, पण वर्षाची फी भरून झाली आहे. काय करावं?

गेलेली फी परत येत नाही, मूल गेलं तरी आणि नाही गेलं तरी. तेव्हा तिला हिशोबातून काढा. मग बघा, कंटाळा खेळाचा आहे की त्या जागेचा? सुट्टीच्या दिवशी कोणी न सांगता चेंडू घेऊन बाहेर पडत असेल, तर जागा बदला. चेंडू पलंगाखाली धूळ खात असेल, तर खेळालाच काही महिने सुट्टी द्या. माझ्या मुलाच्या बाबतीत पहिलं होतं, आणि मला ते कळायला चार महिने लागले, कारण मी पावतीकडे बघत होतो.

अकादमी सोडायचं ठरलं तर मुलाला कसं सांगावं?

‘परवडत नाही’ हेच कारण असेल तर ते सरळ सांगा; मुलांना खरं कळतं आणि पेलतंही. ‘तू नीट खेळत नाहीस म्हणून’ असं रागाच्या भरातही बोलू नका. नवी जागा ठरवण्याआधी त्याला तिथे एक-दोन चाचणी सेशन्स खेळू द्या. बहुतेक ठिकाणी हो म्हणतात. जुन्या टीममधल्या दोन-तीन मित्रांच्या पालकांचे नंबर घेऊन ठेवा आणि रविवारी त्यांना एकत्र खेळायला बोलवा. सगळ्यात जास्त रडू मैदान सुटण्याचं नसतं, मित्रांचं असतं. आमच्याकडे नवी अकादमी लागल्यावर पहिले तीन आठवडे तो जुन्याच जर्सीत गेला. कोचने काही म्हटलं नाही. चौथ्या आठवड्यात त्याने स्वतःच विचारलं, नवी कधी मिळणार.